ओपीडीतला दिवस नेमका कुठे जातो?

माझ्या थोरल्या बहिणीच्या तिसऱ्या केमोच्या दिवशी आम्ही साताऱ्याहून पहाटे चारला निघालो, साडेआठला रुग्णालयात पोहोचलो, रक्त दिले, टोकन घेतले आणि बाकावर बसून राहिलो. दुपारी दीड वाजता सिस्टर फाइल घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "ताई, आज डोस नाही देता येणार. काउंट कमी आलेत. पुढच्या सोमवारी या." ताईच्या पोटात सकाळपासून चहा आणि दोन बिस्किटांखेरीज काही नव्हते. तिने माझ्याकडे पाहिले आणि एवढेच विचारले, "मग एवढं आलो कशाला?"

त्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी माझ्यापाशी नव्हते. पुढच्या काही महिन्यांत, खेटे घालता घालता, ते तुकड्यातुकड्यांनी मिळत गेले. ज्यांच्या घरात कर्करोग नुकताच शिरला आहे त्यांना ते पहिल्याच आठवड्यात मिळावे, या कळकळीने हे लिहीत आहे. मला उमगलेली मुख्य गोष्ट अशी, की ओपीडीतले सगळे ताटकळणे एका जातीचे नसते. काही उशीर रुग्णाच्या जिवाला जपण्यासाठीच केलेला असतो, काही उशीर कामाच्या क्रमातून येतो, आणि काही उशीर केवळ एखादा कागद कुठेतरी अडकून पडल्यामुळे होतो. बाहेर बाकावर बसलेल्या माणसाला हे तिन्ही सारखेच दिसतात, म्हणून तो जिथे सोसायला हवे तिथे भांडतो आणि जिथे आग्रह धरायला हवा तिथे गप्प बसतो. आम्हीही तेच केले.

वॉर्ड आणि ओपीडी यांतला फरक

कर्करोगाच्या उपचारांचा मोठा भाग आज रुग्णाला दाखल न करता होतो. केमोथेरपीची बरीचशी औषधे डे-केअरमध्ये काही तासांत दिली जातात आणि रुग्ण संध्याकाळी घरी जातो. किरणोपचार तर आठवड्याचे पाच दिवस, कित्येकदा पाच-सहा-सात आठवडे, रोज येऊन घ्यायचे असतात. यात रुग्णाचे भलेच आहे, कारण घरचे अंथरूण आणि घरचे जेवण मिळते, दवाखान्यातला संसर्ग टळतो आणि खर्चही कमी होतो.

पण वॉर्डात रुग्ण एका खाटेवर असतो आणि रिपोर्ट, औषध, डॉक्टर हे सगळे त्या खाटेपर्यंत चालत येतात. ओपीडीत खाटच नसते, त्यामुळे रुग्णालाच या प्रत्येकापर्यंत चालत जावे लागते. वॉर्डात निवासी डॉक्टर आणि सिस्टर मिळून एका विभागाची माहिती दुसऱ्या विभागापर्यंत पोहोचवत असतात, ते काम ओपीडीत रुग्णाबरोबर आलेल्या माणसाच्या अंगावर पडते, आणि तसे ते पडले आहे हे त्याला कोणीही सांगत नाही. फाइल हातात असलेला मुलगा, सून किंवा भाऊ हा या उपचारांतला एक कामकरी माणूस असतो. हे पहिल्या दिवशी कळले असते तर आमचे निम्मे हेलपाटे वाचले असते.

केमोच्या दिवसाचा क्रम

रुग्णालय सरकारी असो, विश्वस्त संस्थेचे असो वा खासगी, केमोच्या दिवसाचा क्रम थोड्याफार फरकाने सारखाच असतो. केसपेपर किंवा फाइल काढणे, वजन-उंची, रक्ततपासणी, रिपोर्टची वाट, डॉक्टरांची भेट, औषधांची चिठ्ठी, पैसे भरणे किंवा योजनेची मंजुरी, औषध तयार होणे आणि शेवटी डे-केअरमधली खुर्ची. यातली प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर अवलंबून आहे आणि कोणतीही वगळता येत नाही.

वजन दर वेळी का करतात, असे बहिणीला वाटे. केमोच्या अनेक औषधांचा डोस उंची आणि वजनावरून काढलेल्या शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरतो, त्यामुळे महिन्याभरात पाच-सहा किलो वजन उतरले असेल तर जुना डोस जास्त ठरू शकतो. म्हणून चपला आणि जाड स्वेटर काढूनच काट्यावर उभे राहावे. कार्बोप्लॅटिनसारख्या औषधाचा डोस मूत्रपिंडांच्या कामावर ठरतो, आणि सिस्प्लॅटिनने मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, म्हणून ही औषधे चालू असताना क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडे कशी चालली आहेत हे सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, आकडा पाहिल्याशिवाय डॉक्टर सही करत नाहीत. स्तनाच्या कर्करोगात दिल्या जाणाऱ्या डॉक्सोरुबिसिन आणि ट्रास्टुझुमॅब या औषधांचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून मधूनमधून टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढायला सांगतात. तो काढायचा राहून गेला तर त्या दिवशीचा डोस अडतो, म्हणून त्याची तारीख आधीच वहीत लिहून ठेवावी.

आता काउंटविषयी, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या संख्येविषयी. केमोची औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशींवर मारा करतात. गाठीतल्या पेशी तशा असतात, पण आपल्या हाडांच्या आतल्या मगजात रोज तयार होणाऱ्या रक्तपेशीही तशाच असतात. त्यामुळे डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी तळाला जातात आणि मग हळूहळू वर येतात. पुढचा डोस त्या पुरेशा वर आल्याशिवाय देता येत नाही. बऱ्याच औषधपद्धतींत न्यूट्रोफिल या लढाऊ पांढऱ्या पेशी दर घनमिलिमीटरला १५००, काहींत १०००, आणि प्लेटलेट १ लाखाच्या आसपास असाव्या लागतात. त्या दिवशी ताईचे न्यूट्रोफिल ७०० होते. तसाच डोस दिला असता तर साध्या जंतुसंसर्गानेही तिच्या जिवावर बेतले असते. म्हणजे आम्हाला परत पाठवणे हा त्या दिवशी तिच्यावर झालेला खरा उपचार होता. हे कोणी दोन वाक्यांत समजावले असते, तर घाटातून परत येताना ती रडली नसती.

रक्त त्याच दिवशी द्यावे लागते असे मात्र प्रत्येक ठिकाणी नसते. अनेक रुग्णालयांत डोसच्या आधीच्या एक-दोन दिवसांतला, गावाकडच्या चांगल्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट चालतो. तो व्हॉट्सअॅपवर किंवा ठरवून दिलेल्या क्रमांकावर पाठवला तर काउंट कमी असल्याचे घरबसल्या कळते आणि दोनशे किलोमीटरची फेरी वाचते. पण हे विचारल्याशिवाय कळत नाही. आम्ही चौथ्या डोसच्या वेळी विचारले, आणि उत्तर सहज "हो, चालेल" असे आले.

दुपारचा मोठा रिकामा वेळ औषध तयार होण्यात जातो. ही औषधे आयती सलाइनच्या बाटलीत नसतात. डॉक्टरांची सही झाल्यावर, त्या रुग्णाच्या नावाने, मोजलेल्या मात्रेत, हवा गाळून सोडणाऱ्या बंद कपाटात प्रशिक्षित माणूस ती मिसळतो, कारण ती त्याच्या त्वचेला आणि श्वासालाही घातक असतात. काही औषधे मिसळल्यावर थोडेच तास टिकतात आणि महागही असतात, म्हणून काउंट ठीक असल्याची खात्री झाल्याखेरीज कोणी ती आधी करून ठेवत नाही. शिवाय पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधाआधी ॲलर्जी रोखणारी इंजेक्शने द्यावी लागतात आणि त्यांचा परिणाम सुरू व्हायला वेळ द्यावा लागतो. सकाळी दहाचे टोकन आणि दुपारी तीनची खुर्ची, यांच्या मधल्या पाच तासांचा बराचसा हिशेब असा लागतो. त्या वेळेत रुग्णाने उपाशी राहण्याचे, सहसा, काहीच कारण नसते. बहुतेक केमो भरल्या पोटी चालते. उपाशीपोटीची अट असेल तर ती एखाद्या तपासणीची असते, आणि ती तपासणी झाली की डबा उघडावा.

"रिपोर्ट आला का?" हा चुकीचा प्रश्न

माझ्या मनस्तापाचा सर्वांत वाईट काळ केमोच्या आधीचा होता. गाठीचा तुकडा तपासायला दिला होता आणि पुढचे सगळे त्यावर अडले होते. मी दर दोन दिवसांनी खिडकीवर जाऊन विचारायचो, "रिपोर्ट आला का?" आणि उत्तर मिळायचे, "नाही आला." नवव्या दिवशी एका वयस्कर लिपिकाने मला सांगितले, "दादा, लॅब नंबर काय आहे तो सांगा, नावाने कसं शोधणार?" तेव्हा कळले, की रिपोर्ट पाच दिवसांपूर्वीच तयार होऊन ताईच्याच नावाच्या दुसऱ्या एका बाईंच्या फाइलला लागला होता. त्या रुग्णालयाचे नाव घेऊन इथे काही साधणार नाही. चूक तिथल्या थकलेल्या माणसांची होती, आणि नुसत्या नावावर विसंबणारा मीही त्यात होतोच. पण ते पाच दिवस ताईचे होते.

त्या दिवसापासून मी प्रश्न बदलला. "आला का?" या प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही एवढेच येते. "या क्रमांकाचा नमुना सध्या कोणत्या टप्प्यावर आहे?" असे विचारले, की समोरच्याला संगणकात किंवा रजिस्टरमध्ये पाहावेच लागते. हे टप्पे माहीत असले तर उत्तर समजतेही. गाठीचा तुकडा आधी फॉर्मेलिनमध्ये मुरतो, मग त्यातले पाणी काढून तो मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्या ठोकळ्याचे अतिशय पातळ काप काढून काचेवर रंगवतात आणि मग तज्ज्ञ ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. यालाच काही दिवस लागतात. कर्करोग आहे हे कळल्यावरही तो कोणत्या प्रकारचा आहे हे ठरवण्यासाठी आयएचसी नावाची वेगळी तपासणी करावी लागते, आणि स्तनाच्या कर्करोगात ईआर, पीआर आणि हर-टू या गाठीच्या पेशींतल्या प्रथिनांचे निकाल त्यातूनच येतात. कोणते औषध द्यायचे हे त्यावरच ठरते, म्हणून डॉक्टर त्याआधी बोलायला तयार नसतात. हर-टूचा निकाल अधांतरी आला तर फिश ही आणखी एक तपासणी लागते. हा उशीर क्रमातून आलेला असतो आणि तो आरडाओरडा करून कमी होत नाही. रिपोर्ट दुसऱ्याच्या फाइलला लागण्याचा उशीर मात्र लॅब नंबर हातात असला तर दहा मिनिटांत संपतो.

एका रुग्णालयातून दुसरीकडे जाताना स्लाइड आणि ब्लॉक मागतात. स्लाइड म्हणजे त्या रंगवलेल्या काचा आणि ब्लॉक म्हणजे तोच मेणाचा ठोकळा. ब्लॉक मेणाचा असल्यामुळे उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये आणि काचांना टेकून ठेवू नये. सीटी किंवा एमआरआयच्या बाबतीत छापील फिल्मबरोबर सीडीही मागून घ्यावी, कारण नव्या ठिकाणचे डॉक्टर प्रतिमा संगणकावर मागे-पुढे करून पाहू इच्छितात.

आजार शरीरात कुठे पसरला आहे हे दाखवणाऱ्या पेट स्कॅनचे गणित निराळे आहे. त्यात वापरली जाणारी किरणोत्सारी साखर दर ११० मिनिटांच्या सुमाराला निम्मी होत जाते. ती त्या दिवशीच्या रुग्णांच्या हिशेबाने मागवलेली असते. म्हणून इथे दिलेली वेळ खरोखर पाळावी लागते, किमान सहा तास उपाशी राहावे लागते आणि मधुमेह असेल तर रक्तातली साखर आटोक्यात असावी लागते. सकाळी घेतलेला गोड चहा इथे अख्खा दिवस वाया घालवू शकतो.

डॉक्टर भेटतात तेव्हा

चार तास थांबून चार मिनिटे भेट, ही तक्रार प्रत्येक बाकावर ऐकू येते आणि ती खोटी नाही. मुंबईच्या परळ भागातले टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे, आणि आजही आसामपासून विदर्भापर्यंतचे रुग्ण तिथल्या आवारात दिसतात. जिथे सगळा देश येतो तिथे एका डॉक्टरच्या वाट्याला किती रुग्ण येत असतील, याची कल्पना करता येते. शिवाय कर्करोगाचा निर्णय एकट्या डॉक्टरने घ्यायचा नसतो. शस्त्रक्रिया आधी की केमो आधी, किरणोपचार लागतील की नाही, हे शल्यचिकित्सक, केमोचे तज्ज्ञ, किरणोपचाराचे तज्ज्ञ आणि गाठीचा तुकडा तपासणारे पॅथॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसून ठरवणे हीच चांगली पद्धत आहे. अशी बैठक आठवड्यातल्या ठरावीक दिवशी असते. "गुरुवारी जॉइंट क्लिनिकमध्ये ठेवू" असे डॉक्टर म्हणाले, की टाळाटाळ चालली आहे असे वाटू देऊ नये. चार तज्ज्ञांचे मत एका फेरीत मिळणार आहे, असाच त्याचा अर्थ असतो.

चार मिनिटांत काय विचारायचे हे मात्र आपल्या हाती आहे. आम्ही तीन गोष्टी लिहून न्यायला लागलो. आज काय ठरले, पुढची तारीख कोणत्या तपासण्या घेऊन गाठायची, आणि मधल्या काळात त्रास झाला तर रात्री कोणत्या क्रमांकावर फोन करायचा. मळमळ, बद्धकोष्ठ, तोंडातले फोड, केस गळणे हे प्रश्न डे-केअरच्या सिस्टरला विचारावेत, कारण त्या हे रोज पाहतात आणि त्यांच्याकडे वेळही अधिक असतो. खाण्यापिण्यासाठी आहारतज्ज्ञ असतात. पैशांच्या आणि राहण्याच्या अडचणीसाठी समाजसेवा विभाग असतो, आणि तिथे अजूनही फार कमी लोक आपणहून जातात. डॉक्टरांपुढे सगळे एकदम मांडले की नेमके महत्त्वाचे हातातून निसटते.

फाइलच्या पहिल्याच पानावर एक तक्ता असावा असे मी कळकळीने सांगेन. रुग्णाचे नाव, फाइल क्रमांक, आजाराचे नाव आणि टप्पा, औषधपद्धतीचे नाव, कितवा डोस कोणत्या तारखेला झाला, त्या दिवशीचे काउंट, मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या, कशाची ॲलर्जी आहे ते, आणि घरच्या माणसाचा फोन. आमच्याकडे तो चौकटीच्या वहीच्या पानावर निळ्या पेनने आखलेला होता आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत सर्वांत वर असे. रजेवर गेलेल्या डॉक्टरांच्या जागी नवीन निवासी डॉक्टर आले, तेव्हा त्यांनी दीडशे पानांची फाइल न चाळता ते एक पान वाचले आणि मान वर करून थेट ताईशी बोलायला सुरुवात केली. सगळ्या कागदांचे मोबाइलवर फोटोही असावेत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने वैद्यकीय नोंदी मागितल्या तर त्या ७२ तासांत द्यायच्या असतात. हा अर्ज लेखी करावा आणि त्याची पोच घ्यावी. दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणे हाही रुग्णाचा हक्क आहे आणि त्यासाठी कोणाची नाराजी सोसण्याची गरज नाही.

योजनेची मंजुरी

महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना काही जिल्ह्यांत सुरू झाली आणि तीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. २०१८ पासून केंद्राची आयुष्मान भारत योजनाही आहे. या योजनांत केमो, किरणोपचार आणि शस्त्रक्रिया यांचा समावेश आहे. पण मंजुरी उपचाराच्या आधी घ्यावी लागते आणि ती कागदपत्रांवर अडते. शिधापत्रिकेवर "मंगल" आणि आधारवर "मंगला" एवढ्या फरकाने एका जालन्याच्या आजींची मंजुरी आमच्या डोळ्यांदेखत दोन दिवस थांबली. रुग्णालयात आरोग्यमित्राचे, म्हणजे योजनेच्या कामात मदत करणाऱ्या माणसाचे, टेबल असते. तिथे निदान झालेल्याच आठवड्यात, डोस ठरण्याची वाट न पाहता, सगळी कागदपत्रे दाखवून नावे जुळतात का हे पाहून घ्यावे. नावातली दुरुस्ती गावाकडच्या सेतू केंद्रात किंवा आधार केंद्रात करायची असेल तर त्याला लागणारे दिवस हे तपासण्या चालू असतानाच निघून जातात.

जिथे उशीर चालत नाही

इथवर मी सोसायच्या आणि तयारी करायच्या उशिरांविषयी बोललो. आता ज्यांच्यासाठी भांडावेच लागते त्यांच्याविषयी.

केमो चालू असताना ताप आला तर ओपीडीच्या तारखेची वाट पाहायची नाही. तोंडातले तापमान १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक असेल, विशेषतः डोसनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात, तर त्याच तासाला तातडीच्या विभागात जायचे. पॅरासिटामॉल घेऊन सकाळपर्यंत थांबायचे नाही. गोळीने ताप उतरतो, संसर्ग उतरत नाही. पांढऱ्या पेशी तळाला असताना शरीर पू धरत नाही, सूज दाखवत नाही, कित्येकदा ताप हाच एकमेव इशारा असतो, आणि अशा रुग्णाला शिरेतून प्रतिजैविक तासाभरात सुरू व्हावे असे मानले जाते. मोठे रुग्णालय दूर असेल तर जवळच्या रुग्णालयात जावे आणि तिथल्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगावे, "केमो चालू आहे, डोस अमुक तारखेला झाला, काउंट कमी असू शकतात." रांगेत मागे बसू नये. हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ असावे. आमच्या घरात ते ताईच्या सोळा वर्षांच्या मुलालाही पाठ होते आणि एका रात्री ते त्यालाच म्हणावे लागले.

याच जातीची आणखी काही लक्षणे आहेत. धाप लागणे, थांबत नसलेला रक्तस्राव, पाणीही पोटात न ठरणे, सलाइनच्या जागी आग होऊन सूज येणे, आणि पाठदुखीबरोबर पायांतले बळ जाणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे. शेवटचे लक्षण मणक्यात पसरलेल्या गाठीचे असू शकते आणि तिथे तासांचा हिशेब असतो.

दुसरा न चालणारा उशीर आठवड्यांत मोजला जातो, म्हणून तो डोळ्यांत भरत नाही. आपल्याकडे तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग फार आहे. त्याच्या शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार लागणार असतील तर ते साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत असे मार्गदर्शक तत्त्व आहे. पण त्याआधी दातांची तपासणी करावी लागते, खराब दात काढावे लागतात आणि ती जखम भरायला दोनेक आठवडे द्यावे लागतात, कारण किरण दिलेल्या जबड्यात नंतर दात काढला तर हाड सडण्याचा धोका असतो. मग नियोजनासाठी सीटी, चेहऱ्याचा साचा, संगणकावरचे आराखडे, आणि यंत्रावर जागा मिळणे. यातली प्रत्येक गोष्ट आधीची संपल्यावर सुरू केली तर सहा आठवडे कुठे गेले ते कळत नाही. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीच, ती ठरेल त्याच आठवड्यात, दातांच्या ओपीडीत नाव घालावे आणि टाके काढायच्या दिवशीच किरणोपचार विभागात फाइल दाखवावी. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरून दिलेले किरण आणि आतून दिलेली ब्रेकीथेरपी मिळून सगळा उपचार आठ आठवड्यांत पूर्ण व्हायला हवा. तो लांबला तर गाठीला पुन्हा वाढायला सवड मिळते. यंत्र बंद पडले, सण आला, घरात लग्न निघाले, कारण काही असो, बुडालेला दिवस कसा भरून काढणार हे त्याच दिवशी विचारावे. काउंटमुळे आठवडाभर पुढे गेलेल्या केमोसाठी भांडायचे नाही. पण "किरणांची तारीख पुढच्या महिन्यात बघू" असे ऐकू आले, तर शस्त्रक्रियेची तारीख दाखवून, "आज चौथा आठवडा चालू आहे" असे शांतपणे आणि आकड्यासह सांगायचे, आणि इथे जागा नसेल तर दुसऱ्या कोणत्या केंद्रात पाठवता येईल हे लेखी मागायचे. रागाला ओपीडीत रोज तोंड द्यावे लागत असल्याने त्याची तिथल्या लोकांना सवय झालेली असते. तारीख आणि आकडा यांना मात्र उत्तर द्यावेच लागते.

अंतर

आमच्या थकव्याचा निम्मा भाग रुग्णालयातला नव्हताच, तो रस्त्यातला होता. निदान आणि आराखडा मोठ्या केंद्रात, पण पुढचे डोस घराजवळ, अशी व्यवस्था अनेकांना करता येते. देशातली कर्करोग केंद्रे २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड या जाळ्यात जोडली जात आहेत, ती उपचारांची पद्धत सगळीकडे सारखी असावी यासाठीच. बार्शी, छत्रपती संभाजीनगर, नागपूर इथे कर्करोग रुग्णालये आहेत. जिल्हा रुग्णालयांत डे-केअर केंद्रे उभारण्याची घोषणा केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात झाली आहे. "हा डोस आमच्या जिल्ह्यात घेता येईल का, आणि त्यासाठी पत्र द्याल का?" हा प्रश्न डॉक्टरांना न दुखावता विचारता येतो. सगळ्याच डोसना हे शक्य नसते, पण साध्या आणि साप्ताहिक डोसना कित्येकदा असते.

मुंबईत राहावेच लागले तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन यांनी गोरगरीब रुग्णांना वर्षानुवर्षे आसरा दिला आहे. जागा मर्यादित असतात, म्हणून समाजसेवा विभागाचे पत्र आधी घ्यावे. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला उपचारासाठीच्या प्रवासात भाड्यात मोठी सवलत मिळते. तिचा ठरावीक नमुना रुग्णालयातून सही-शिक्क्यासह घ्यावा लागतो. परतीच्या गर्दीच्या डब्यात, काउंट कमी असताना, रुग्णाने मास्क लावून खिडकीपाशी बसावे.

ताईचे उपचार संपून आता दोन वर्षे होत आली. तपासणीच्या तारखा आधी तीन महिन्यांनी होत्या, आता सहा महिन्यांनी असतात, वर्षातून एकदा मॅमोग्राफी असते. थांबावे आजही लागते. पण मागच्या खेपेला बाकावर शेजारी बसलेल्या एका मुलीने, आईची फाइल छातीशी धरून, "काकू, किती वेळ लागेल हो?" असे ताईला विचारले, तेव्हा ताईने आधी तिला टोकन नंबर विचारला, मग आईचे रक्त किती वाजता दिले ते विचारले, आणि म्हणाली, "अकराला रिपोर्ट येईल. तोवर आईला खालून इडली आणून दे. आणि हे बघ, लॅब नंबर या कोपऱ्यात असतो, तो मोबाइलमध्ये लिहून घे."